संशोधन जहाजावरचे पाच आठवडे: जाळं, गाळ आणि पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी

प्रश्न थोडक्यात असा आहे: समुद्री जैवविविधतेच्या संशोधन मोहिमेवर पाच आठवड्यांसाठी जायची संधी आली आहे. जहाजावर दिवस कसा जातो? नव्या प्रजाती खरोखर डोळ्यांदेखत सापडतात का? आणि आपल्याला एखादी सापडली तर तिला आपलं नाव देता येतं का?

मधल्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं त्याच्याशी बांधलेलं आहे. सापडतात. पण सापडल्या हे त्या क्षणी कुणालाच ठामपणे सांगता येत नाही. वीस वर्षांहून अधिक काळ मी अशा मोहिमांवर जाते आहे, बहुतेक वेळा समुद्रतळावरच्या लहान प्राण्यांसाठी. डेकवर कुणी ‘ही नक्की नवी प्रजाती’ असं म्हणालं की मी आधी त्याच्या हातातली बरणी बघते. आत तो कुठे, किती खोलीवर मिळाला ते लिहिलेली चिठ्ठी आहे का? नसेल, तर तो प्राणी कितीही अद्भुत असला तरी विज्ञानाच्या लेखी तो कुठूनच आलेला नाही.

चॅलेंजर या ब्रिटिश संशोधन जहाजाचंच बघा. डिसेंबर १८७२ मध्ये निघालेलं हे जहाज मे १८७६ मध्ये परतलं. प्रवास साडेतीन वर्षांचा, पण अहवालाचे पन्नास खंड पुरे व्हायला १८९५ साल उजाडलं. सुमारे ४,७०० नव्या प्रजाती त्या मोहिमेच्या नावावर आहेत. त्यातल्या बहुतेकींची ओळख पटली ती किनाऱ्यावर, बरण्या पुढ्यात घेऊन वर्षानुवर्षं बसलेल्या माणसांना. आजही फार फरक पडलेला नाही. २००० ते २०१० या दहा वर्षांत ‘सेन्सस ऑफ मरीन लाइफ’ या प्रकल्पात ८० हून अधिक देशांचे सुमारे २,७०० शास्त्रज्ञ होते आणि ५४० मोहिमा झाल्या. शेवटी हाती आल्या ६,००० हून अधिक ‘बहुधा नव्या’ प्रजाती, पण तोवर रीतसर वर्णन झालं होतं ते जेमतेम १,२०० प्रजातींचं. नमुना गोळा झाल्यापासून त्याला नाव मिळेपर्यंत सरासरी एकवीस वर्षं जातात असा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. तो मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला वाचायला देते. आज तुम्ही जी बरणी भराल ती उघडणारा माणूस कदाचित अजून शाळेत असेल. त्याला तुम्हाला काही विचारता येईलच असं नाही. त्याच्याकडे फक्त तुमची चिठ्ठी असेल.

आता दिवस कसा जातो ते.

पहिले दोन-तीन दिवस बहुतेकांना बोट लागते. जुन्या खलाशांनाही लागते, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. गोळी घ्यायची ती निघण्याआधी, मळमळ सुरू झाल्यावर ती फारशी उपयोगी पडत नाही. शक्य असेल तर जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावरची झोपायची जागा मागून घ्या, तिथे डोलणं कमी जाणवतं. त्या दिवसांत सूक्ष्मदर्शकात डोकं घालू नका. डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघत बसा, घोट घोट पाणी पीत राहा, पोट अगदी रिकामं ठेवू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शरीर आपोआप जुळवून घेतं.

निघाल्यावर लगेच आपत्कालीन कवायत होते: भोंगा, लाइफ जॅकेट, आपली जीवरक्षक होडी कोणती, थंड पाण्यात तग धरण्यासाठीचा पोशाख अंगावर कसा चढवायचा. ती मनापासून करा. मग पाळ्या ठरतात. शास्त्रज्ञांच्या पाळ्या बहुधा बारा तासांच्या, दुपारी बारा ते रात्री बारा किंवा रात्री बारा ते दुपारी बारा. जहाज दिवसरात्र चालू असतं. समुद्रातला एक एक दिवस फार खर्चाचा असतो, त्यामुळे यंत्रं थांबवून झोपायची चैन कुणाला परवडत नाही. निवड मिळाली तर मी मध्यरात्रीची पाळी घ्यायला सांगेन. त्याचं कारण पुढे येईलच.

एखाद्या ठिकाणी पोचलं की आधी ध्वनिलहरींनी तळाचा नकाशा काढतात. जगाच्या समुद्रतळाचा आधुनिक पद्धतीनं मोजलेला भाग अजून चतुर्थांशाच्या आसपासच आहे, त्यामुळे आपण ज्याच्यावर जाळं सोडणार तो डोंगर कित्येकदा त्याच सकाळी पहिल्यांदा पडद्यावर उमटलेला असतो. खडकाळ उतारावर जाळं टाकलं तर ते फाटतं किंवा अडकतं, म्हणून या नकाशाची घाई करू नये. त्यानंतर पाण्याच्या बाटल्यांचं कडं खाली जातं. त्याच्यावर तापमान, क्षारता आणि खोली मोजणारी उपकरणं असतात, आणि बाटल्या ठरलेल्या खोलीवर बंद करता येतात. विंच, म्हणजे केबल सोडणारं आणि गुंडाळणारं यंत्र, मिनिटाला साधारण साठ मीटर केबल सोडतं. म्हणजे चार हजार मीटरवर पोचायला तासाहून जास्त आणि थांबत थांबत वर यायला त्याहून अधिक. या बाटल्यांतलं पाणी अतिशय बारीक छिद्रांच्या फिल्टरमधून गाळून हल्ली पाण्यात सांडलेला डीएनए पकडतात. मासा दिसला नाही तरी तो इथून गेला होता एवढं त्यावरून कळतं. माझ्या मते ही पद्धत फार मोलाची आहे, पण तिला एक मर्यादा आहे. ओळख पटवायला तुलनेसाठी आधी कुणीतरी तो प्राणी हातात धरून, नीट ओळखून, त्याचा डीएनए नोंदवून ठेवलेला असावा लागतो. जाळी आणि बरण्या त्यामुळे रद्द होत नाहीत, उलट त्यांची गरज वाढते.

खोल समुद्रात तळावरून जाळं ओढायचं तर खोलीच्या दुपटीच्या आसपास केबल सोडावी लागते. चार हजार मीटरवरच्या एका ओढीत जवळपास अख्खी पाळी जाते. वाट बघण्याचे ते तास मला आवडतात. तेव्हाच बरण्या मांडायच्या, चाळण्या लावायच्या, समुद्राचं पाणी गाळून फ्रिजमध्ये थंड करत ठेवायचं आणि कोऱ्या चिठ्ठ्यांवर ठिकाणाचा क्रमांक आधीच लिहून ठेवायचा.

आणि मग जाळं वर येतं. बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुख्य, हात वर करतो, विंचचा आवाज बदलतो, सगळे हेल्मेट घालून मागे सरतात. ताणलेली केबल तुटली तर ती माणसाला कापून काढू शकते, म्हणून बोसननं बोलावल्याशिवाय कुणीही पुढे जायचं नाही, कितीही उत्सुकता असली तरी. जाळ्याचं टोक सुटतं आणि राखाडी-तपकिरी गाळ टबात पडतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो निव्वळ चिखल वाटतो. हात घातला की कळतं, तो बर्फासारखा गार आहे. तळाशी पाणी दोन-तीन अंश सेल्सियसचं असतं, आणि वर ऊन असलं तर हे प्राणी बघता बघता खराब होऊ लागतात. इथून पुढची वीस मिनिटं फार महत्त्वाची.

चाळणीवर थंड पाण्याची धार धरायची, पण जोरात नाही. जोराच्या धारेनं ब्रिटल स्टारचे, म्हणजे तारामाशासारख्या नाजूक प्राण्याचे, हात तुटतात आणि किड्यांच्या अंगावरचे केस झडतात, आणि बहुतेक वेळा त्याच केसांवरून प्रजाती ओळखायची असते. मोठे प्राणी हातानं उचलायचे: समुद्रकाकड्या, तारामासे, काचेसारखे स्पंज, लाल कोलंब्या. खरा खजिना मात्र चाळणीच्या तळाशी राहतो, एक-दोन मिलिमीटरचे अँफिपोड आणि आयसोपोड (कोळंबीच्या नात्यातले छोटे कवचधारी प्राणी), धाग्यासारखे किडे, तांदळाच्या दाण्याहून लहान शिंपले. १९६० च्या दशकात रॉबर्ट हेसलर आणि हॉवर्ड सँडर्स यांनी तळावरून सरकणारी बारीक जाळीची घसरगाडी वापरली आणि वर आलेला गाळ नीट चाळला. तोवर खोल समुद्र म्हणजे जीवसृष्टीचं वाळवंट अशी समजूत होती. त्यांच्या चाळणीत इतके प्रकार निघाले की ती समजूत १९६७ सालच्या त्यांच्या निबंधानंतर टिकली नाही. प्राणी आधीही तिथेच होते, पण आधीच्या मोठ्या छिद्रांच्या जाळ्यांतून गळून जात होते.

जिवंत असताना फोटो काढणं पहिलं काम. अल्कोहोलमध्ये गेल्यावर रंग उडतो, आणि काही महिन्यांनी लाल, जांभळं, केशरी सगळंच फिकट पांढरं होतं. मग ऊतीचा छोटा तुकडा डीएनएसाठी वेगळा. मग उरलेला प्राणी कशात ठेवायचा हा निर्णय. फॉर्मॅलिनमध्ये शरीराची ठेवण चांगली टिकते पण डीएनए खराब होतो. ९६ टक्के अल्कोहोलमध्ये डीएनए टिकतो पण मऊ प्राणी आक्रसतात. एकाच प्रकारचे दोन-तीन मिळाले तर दोन्हींत ठेवा. एकच मिळाला तर तुकडा अल्कोहोलमध्ये, देह फॉर्मॅलिनमध्ये. अल्कोहोल आधीपासून थंड केलेलं असावं आणि दुसऱ्या दिवशी बदलावं, कारण प्राण्याच्या अंगातल्या पाण्यानं ते पातळ होतं.

खोलीवरून वर येताना प्राण्यांचं काय होतं हेही लक्षात ठेवायला हवं. दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो, म्हणजे चार हजार मीटरवर सुमारे चारशे पट. ब्लॉबफिशचा तो लोंबत्या नाकाचा, उदास चेहऱ्याचा फोटो सगळ्यांनी पाहिला असेल. तो २००३ साली न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्या संयुक्त नॉरफांझ मोहिमेत, तंगारोआ जहाजावर काढलेला आहे. त्याच जातकुळीच्या माशाला पुढे जगातला सर्वांत कुरूप प्राणी म्हणून मतं मिळाली. मला त्याचं नेहमी वाईट वाटतं. खाली, हजार-बाराशे मीटरवर, आपल्या दाबात तो एक नीटनेटका, मोठ्या डोक्याचा मासा असतो. त्याचं अंग जेलीसारखं मऊ आहे आणि बाहेरच्या दाबाच्या आधारानंच ते आकार धरून राहतं. तो आधार आपण काढून घेतला. डेकवर दिसतं ते त्या प्राण्याचं खरं रूप असेलच असं नाही, म्हणून खालून टिपलेलं चित्रण आणि वर आलेला नमुना दोन्ही हवेत.

खालचं चित्रण येतं दूरनियंत्रित पाणयंत्राकडून. ते तासन् तास खाली जात असतं आणि पडद्यावर फक्त पांढरे कण वर जाताना दिसतात. वरून झरणाऱ्या मृत प्लवकांचा (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांचा), विष्ठेचा आणि कातींचा हा सागरी हिमवर्षाव, आणि तळावरची बहुतेक सृष्टी त्याच्यावरच जगते. नियंत्रण कक्ष अंधारा असतो. तळ दिसतो तेव्हा सगळे एकदम गप्प होतात. पडद्यावर ठरावीक अंतरावरचे दोन लेझर ठिपके असतात, त्यावरून प्राण्याचा आकार मोजायचा. २०२० साली ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या निंगालू दऱ्यांत असंच एक यंत्र खाली असताना समोर सायफोनोफोरची, म्हणजे जेलीफिशच्या नात्यातल्या लांब दोरीसारख्या प्राण्याची, भलीमोठी गुंडाळी आली. तिच्या फक्त बाहेरच्या वेढ्याची लांबी सुमारे ४७ मीटर असावी असा अंदाज करण्यात आला. असला प्राणी जाळ्यातून वर आणायचा तर हातात केवळ लगदा आला असता.

मध्यरात्रीच्या पाळीचं कारण आता सांगते. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधणाऱ्या ध्वनियंत्रांना खोल समुद्रातही तीनचारशे मीटरवर एक ‘तळ’ दिसायचा, आणि तो संध्याकाळी वर सरकायचा. तो तळ म्हणजे असंख्य छोटे मासे, झिंगे, माकूल आणि जेलींचा थर. दिवसा ते खोल अंधारात लपतात, रात्री वर येऊन चरतात. पृथ्वीवरचं हे सर्वांत मोठं स्थलांतर रोज घडतं. जहाजाच्या पडद्यावर ती पट्टी वर चढताना दिसते, आणि रात्री दोनला वरच्या थरात टाकलेल्या प्लवकाच्या जाळ्यात ती मंडळी येतात: पोटावर दिव्यांच्या रांगा असलेले लँटर्नफिश, चांदीच्या पत्र्यासारखे हॅचेटफिश. एकदा आम्ही प्रयोगशाळेचे दिवे मालवून बादलीत हळूच हात फिरवला. निळा प्रकाश बोटांमागून वाहत गेला, कडेला ठिणग्या पडल्या आणि विझल्या. माझ्या शेजारी पहिल्यांदाच आलेली एक विद्यार्थिनी होती. ती काही बोलली नाही, फक्त तिनं पुन्हा हात फिरवला. दिवे लावल्यावर आम्ही तास-दीड तास न बोलता चिठ्ठ्या लिहिल्या.

रिकामं जाळं येईल तेव्हा निराश होऊ नका, आणि वहीत शून्य लिहायला विसरू नका. निसर्गशास्त्रज्ञ एडवर्ड फोर्ब्स यांनी १८४० च्या दशकात एजियन समुद्रात तळ खरवडून पाहिला. खोल जाईल तसे प्राणी कमी होत गेले, म्हणून सुमारे ५५० मीटरखाली जीवन नसावं असं त्यांनी मांडलं. ते उत्तम निरीक्षक होते. पण तो समुद्र मुळातच प्राण्यांनी विरळ आणि तळ खरवडायचं त्यांचं साधन लहान छिद्रांचं, लवकर भरून जाणारं. म्हणून शून्य लिहिताना शेजारी लिहा: कोणतं जाळं, छिद्र किती, तळावर किती वेळ होतं, ते तळाला टेकलं होतं का. नाहीतर काहीच नव्हतं आणि आपल्याला पकडता आलं नाही यांतला फरक पुढच्या माणसाला कळणार नाही.

तयारीबद्दल एक जुनी गोष्ट मला फार शिकवून गेली. १९७७ साली गॅलापॅगोसजवळ सुमारे अडीच हजार मीटर खोलीवर अॅल्विन पाणबुडीतून उष्ण पाण्याचे झरे सापडले आणि त्यांच्याभोवती दाटीवाटीनं जगणारे शिंपले, खेकडे आणि नळीत राहणारे लांबलचक किडे. सूर्यप्रकाशावर नव्हे, रासायनिक ऊर्जेवर चालणारी वसाहत. जीवशास्त्रातला एवढा मोठा शोध लागला तेव्हा जहाजावर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता. मोहीम भूशास्त्रज्ञांची होती. फॉर्मॅलिन अगदी थोडं होतं, म्हणून काही नमुने व्होडकात बुडवून आणले. म्हणून तुमची मोहीम कशासाठीही असो, रिकाम्या बरण्या आणि अल्कोहोल ठरवल्यापेक्षा जास्त न्या.

माझ्याकडून झालेली चूकही सांगते. सुरुवातीच्या एका मोहिमेत रात्रभर काम करून आम्ही चाळीसेक बरण्या भरल्या. घाईत मी क्रमांक फक्त झाकणांवर लिहिले, तेही साध्या मार्करनं. सकाळी समुद्र खवळला, एक खोका कलंडला, अल्कोहोल सांडलं आणि शाई वाहून गेली. काही झाकणं निघून अदलाबदल झाली. समुद्रात चार वेगवेगळ्या खोलींवर गोळा केलेले नमुने एकमेकांत मिसळले आणि ते वेगळे करायला कुठलाच मार्ग उरला नाही. त्या बरण्यांत एक फिकट, लांब पायांचा आयसोपोड होता. त्यासारखा मी पुन्हा पाहिलेला नाही. तो अजून कपाटात आहे, आणि तो कुठला हे कुणालाही सांगता येत नाही. तेव्हापासून चिठ्ठी बरणीच्या आत, न भिजणाऱ्या जाड कागदावर, पेन्सिलीनं. ठिकाणाचा क्रमांक, तारीख, अक्षांश-रेखांश, खोली, साधन, द्रावण, गोळा करणाऱ्याचं नाव. बाहेरची चिठ्ठी सोयीसाठी लावायची, पण भरवसा ठेवायचा तो आतलीवर.

जहाजावरच्या माणसांबद्दल थोडं. खलाशी, इंजिनवाले, स्वयंपाकघरातले लोक वर्षाचे कित्येक महिने तिथेच राहतात. ते त्यांचं घर आहे आणि आपण पाहुणे. विंच चालवणाऱ्याला केबलच्या ताणावरून जाळं अडकल्याचं उपकरणाआधी कळतं. त्यांना आपलं काम दाखवा, सूक्ष्मदर्शकाशी बोलवा. तिसऱ्या आठवड्यात कंटाळा आणि चिडचिड येते. झोप अर्धवट असते, एकांत कुठेच नसतो. त्या आठवड्यात वाद टाळा आणि ज्याला गप्प बसायचं आहे त्याला गप्प बसू द्या.

हे सगळं कशासाठी, असं कधी मनात येईल. समुद्रातल्या नाव मिळालेल्या प्रजाती सुमारे अडीच लाख आहेत. प्रशांत महासागरातल्या क्लॅरियन-क्लिपरटन पट्ट्यात धातूंच्या गाठी खणायचे बेत आहेत. तिथे आढळलेल्या प्रजातींचा २०२३ साली हिशेब मांडला तेव्हा अंदाजे साडेपाच हजारांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास प्रजाती बिननावाच्या निघाल्या. बिननावाच्या प्राण्याला संरक्षित यादीत सहसा घालता येत नाही. हिंदी महासागरातल्या उष्ण झऱ्यांजवळ २००१ साली लोहयुक्त खवल्यांच्या पायाची गोगलगाय सापडली. तिला रीतसर नाव मिळालं २०१५ मध्ये, आणि २०१९ मध्ये ती धोक्यात असलेल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत गेली, खोल समुद्रातल्या खाणकामाच्या धोक्यामुळे तिथे पोचलेली पहिली प्रजाती म्हणून. नाव नसतं तर हे बहुधा घडलं नसतं. हे विचार मनात असले की पहाटे चारला गार पाण्यात बोटं बधिर झाली तरी मी चाळणी सोडत नाही.

आता नावाचा प्रश्न. नाव ठेवतो तो वर्णन प्रसिद्ध करणारा, गोळा करणारा नव्हे. नियमांत स्वतःचं नाव देण्याला स्पष्ट मनाई नाही, पण तसं सहसा कुणी करत नाही, तसा संकेत आहे. वर्णन करणाऱ्यानं कधी जहाजाचं, कधी एखाद्या खलाशाचं, कधी गोळा करणाऱ्याचं नाव दिलं तर तो त्याचा आपणहून केलेला मान.

माझ्या एका अँफिपोडबद्दल नऊ वर्षांनी पत्र आलं. लिहिणाऱ्या वर्गीकरणतज्ज्ञाला मी कधी भेटले नव्हते. तिनं एवढंच विचारलं होतं: बरणीतल्या चिठ्ठीवर खोली ३,१२० मीटर आहे आणि मोहिमेच्या यादीत ३,२१०, खरी कोणती? मी जुनी वही काढली. त्या रात्रीच्या पानावर, गाळाचा वाळलेला डाग पडलेल्या ओळीत, माझ्याच अक्षरात होतं: जाळं टेकलं ३,१२० वर, पहाटे ३.४०. यादीत टंकताना आकडे उलटले होते. मी तिला पानाचा फोटो पाठवला. पुढच्या वर्षी वर्णन छापून आलं, आणि त्यात खोली बरोबर होती.